धागा: हंगामी वसतिगृहातल्या लहान लेकरांना ‘द लायन किंग’ दाखवावा का?

बालाघाटची_बाई
नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पहिली ते चौथी. दसरा-दिवाळी झाली की गावातली बरीच घरं कुलूपबंद होतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली असते. नवरा-बायको दोघंही कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर जातात ते पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. लेकरं मागं राहतात. जेवण शाळेतल्या हंगामी वसतिगृहात, झोपायला आजीकडं.

यंदा लोकवर्गणीतून शाळेला मोठा टीव्ही आला. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर लेकरांना एखादा चांगला पिक्चर दाखवावा असं ठरलं. चौथीच्या पोरांनी एकमुखानं सिंहाचा मागितला, १९९४ चा, हिंदीतला. मी आधी घरी बसून पाहिला. पिक्चर देखणा आहे, गाणी तर फारच गोड. पण दरीतला तो प्रसंग आला आणि मी टीव्ही थांबवला. विल्डबीस्ट नावाच्या रानजनावरांचा लोंढा निघून जातो, धूळ खाली बसते आणि छोटा सिंबा बापाजवळ येतो. त्याला हलवतो, कान ओढून बघतो, कुणी आहे का म्हणून हाका मारतो. मग बापाच्या पंजाखाली शिरून तिथंच पडून राहतो.

माझ्या वर्गात बाप गेलेली लेकरं आहेत. कसे गेले ते मराठवाड्यात वेगळं सांगायला नको. बाकीच्यांचे आईबाप आहेत, पण दूर कुठल्यातरी फडात. अशा लेकरांपुढं हे लावावं का? तेवढा भाग पुढं ढकलावा, की बाप नसलेल्या लेकरांना काहीतरी काम सांगून तेवढ्यापुरतं बाहेर पाठवावं, की सरळ दुसरं काहीतरी लावावं? मन घट्ट होईना, म्हणून इथं विचारायलेय.

निवांत_नांदेडकर
मॅडम, खुशाल दाखवा. आम्ही पिक्चर बघितले ते माळेगावच्या यात्रेत, तंबूत बसून. दिवसा खंडोबाचं दर्शन आणि घोड्यांचा बाजार, रात्री पिक्चर. ‘हाथी मेरे साथी’ तसा १९७१ चा, पण यात्रेत तो पुढं कैक वर्षं लागायचा. शेवटी रामू हत्ती गोळी लागून मरतो तेव्हा अख्खा तंबू रडायचा. बाया पदर डोळ्याला लावायच्या, लेकरं हमसून हमसून रडायची. एक माणूस उठून जायचा नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही पोरं म्हशीच्या पाठीवर बसून रामू-रामू खेळायचो. लेकरू रडलं म्हणजे त्याला इजा झाली असं थोडीच आहे? साने गुरुजींची ‘श्यामची आई’ १९३५ सालापासून घराघरात वाचायलेत लोक. आई जातेच की त्यात.

उदगीरची_सई
काका, तुमच्या शेजारी तुमची आई बसलेली होती ना तंबूत? बाईंच्या लेकरांच्या शेजारी कोण बसणार आहे, प्रश्न तिथं आहे.

माझी मुलगी बालवाडीत आहे. आम्ही घरी २०१९ मध्ये नव्यानं काढलेला पाहिला, ज्यात जनावरं अगदी खरीखुरी दिसतात. गंमत अशी की बाप मेला तिथं ती अजिबात रडली नाही. “झोपला का तो?” म्हणाली आणि पेरूची फोड खात बसली. तिला भीती वाटली तरसांची. हत्तींच्या हाडांची जागा, अंधार आणि ते तरसांचं हसणं. रात्री संडासला एकटी जाईना. माझा मोठा भाचा दुसरीत आहे, तो मात्र तरसांना हसला आणि बाप मेल्यावर उठून आत जाऊन भिंतीकडं तोंड करून झोपला. एकाच घरात, एकाच सोफ्यावर दोन लेकरांनी दोन वेगळे पिक्चर पाहिले.

शाळेत दाखवणार असाल तर खिडक्या उघड्या ठेवा आणि आवाज कमी ठेवा. डोळ्यांना दिसतं त्याच्यापेक्षा अंधार आणि धडधडणारा आवाज लहान लेकरांना जास्त घाबरवतो.

गोदाकाठ
मी छत्रपती संभाजीनगरला शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करते. सईताईंनी जे घरात पाहिलं ते वयाप्रमाणं अगदी बरोबर आहे. चार-पाच वर्षांचं लेकरू डोळ्याला भेसूर दिसतं त्याला भितं. मरण कायमचं असतं, गेलेलं माणूस माघारी येत नाही, हे त्याला साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान हळूहळू उमगतं. सात-आठच्या पुढचं लेकरू मात्र “हे माझ्या घरात झालं तर?” असा विचार करून भितं. बाईंचा वर्ग नेमका या दोन्हींच्या मध्ये येतो.

पण बाई, तुम्ही टीव्ही थांबवला त्याच्या थोडं पुढं जाऊन बघा. मला तिथली खरी काळजी वाटते. बापाच्या पंजाखालून सिंबाला उठवायला काका येतो, स्कार. त्यानंच तर सिंबाच्या बापाला, मुफासाला, दरीत ढकललेलं असतं. आणि तो पिल्लाला म्हणतो की तू नसतास तर तुझा बाप आज जिवंत असता. तुझी आई काय म्हणेल? पळून जा आणि पुन्हा येऊ नकोस.

सहा-सात वर्षांपर्यंतच्या लेकरांना असं मनापासून वाटत असतं की आपल्या रागावण्यानं, हट्टानं, मनातल्या विचारानं जगात गोष्टी घडतात. मी पप्पांवर चिडलो म्हणून पप्पा गेले. मी नवं दप्तर मागितलं म्हणून आई कारखान्याला गेली. हे ते कुणाला बोलून दाखवत नाही. पडद्यावर एक मोठं, जवळचं माणूस नेमकं तेच बोलतं तेव्हा त्याच्या मनातल्या त्या गोष्टीला पुरावा मिळतो. मरणाचा प्रसंग लेकरू पचवतं. “तुझ्यामुळं झालं” हे वाक्य त्याच्या आत जाऊन बसतं.

परभणीचा_संत्या
मला हे सगळं जरा जास्तच वाटायलंय, राग मानू नका. खेड्यातलं लेकरू काय काय बघतं. बैल मेला तर अख्खं घर रडतं, शेजारी मयत झाली तर लेकरं दारातच उभी असतात, बोकड कापताना तर सगळ्यात पुढं तीच. मोबाईलवर काय बघायलेत ते तर विचारूच नका. त्यांना एका कार्टून सिंहानं काय होणार? शहरातल्या लेकरांचे निकष आपल्याकडं लावू नका.

तेरणाकाठची
संत्याभाऊ, तुमचं म्हणणं मला कळतंय, पण मी माझं सांगते. मी धाराशिवकडची. माझे मालक गेले तेव्हा पोरगी पहिलीत होती. मयत तिनं बघितली. लपवायचं म्हणलं तरी कुठं लपवणार, अंगणातच तर होती. ते तिनं सोसलं. पण दहाव्याला आलेली पाव्हणी मंडळी तिच्या देखत बोलत होती, लेकरांच्या शिक्षणापायी कर्ज काढलं, लेकरांपायी गेला. एक म्हातारी तर पोरीच्या अंगावरून हात फिरवत म्हणाली, पांढऱ्या पायाची गं बाई. पोरगी त्यानंतर शाळेत जाईना. मला वाटायचं वडलांच्या आठवणीनं जात नाही. लई दिवसांनी अंगणवाडीच्या ताईंनी तिच्याकडून काढून घेतलं, की मी शाळेत गेले नाही तर कर्ज होणार नाही.

गोदाकाठ ताई म्हणाल्या तो स्कार पिक्चरमधला आहे. आमच्या लेकरांना तो घरात भेटतो आणि त्याला वाईटपणाही नसतो, मायेनंच बोलतो.

म्हणून बाई, हात जोडून एक सांगते. पिक्चर दाखवा नाहीतर नका दाखवू, पण बाप नसलेल्या लेकरांना तेवढं उठवून बाहेर पाठवू नका. त्यांना लगेच कळतं कशापायी उठवलं ते. बाकीच्या पोरांनाही कळतं. आधीच खिचडीच्या रांगेतसुद्धा लोक त्यांच्याकडं वेगळं बघायलेत.

बालाघाटची_बाई
तेरणाकाठची ताई, बाहेर पाठवायचं मी आत्ताच मनातून काढून टाकलं. पोरगी आता शाळेत जायलीय ना?

तेरणाकाठची
जायलीय. सहावीत आहे. वर्गात सगळ्यात जास्त बोलती.

जालना_जंक्शन
माझा साधा प्रश्न. पिक्चरच्या सुरुवातीला सेन्सॉरचं सर्टिफिकेट दाखवतात ना, त्यावर ‘यू’ असलं म्हणजे लेकरांना चालतं असंच ना?

गोदाकाठ
नाही. ‘यू’ म्हणजे सगळ्यांना बघायला मोकळीक. तो लहान लेकरांना सोसेल असं त्यातून निघत नाही. १९८३ पासून ‘यूए’ हा एकच मधला गट होता, बारा वर्षांखालच्या मुलांनी मोठ्यांच्या सल्ल्यानं बघावा असा. सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली आणि त्या गटाचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग पडले. त्यामुळं जुन्या चित्रपटांवर ही वयं सापडणार नाहीत. ओटीटीवर २०२१ च्या नियमांपासून वयोगट आणि आत काय आहे याच्या दोन शब्दांच्या सूचना द्याव्या लागतात, त्या जरूर वाचा. पण त्या सूचनांत हिंसा, शिवी, भीती असतं. “काका पुतण्याला म्हणतो तुझ्यामुळं बाप मेला” असं कुठंच लिहिलेलं नसतं. ते आधी बसून बघणाऱ्या माणसालाच दिसतं.

तांड्यावरचा_मास्तर
मी किनवट भागात. माझ्या पहिली-दुसरीच्या लेकरांची घरची बोली गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची. मराठी नुकती रुळायलीय, हिंदी तर अर्धी वरून जाते. याचा एक परिणाम सांगतो. संवाद कळत नाहीत तेव्हा लेकरू फक्त चित्र बघतं आणि चेहरे वाचतं. मेलेला बाप दिसतो, रडणारं पिल्लू दिसतं, पळून जाताना दिसतं. पुढं खरं काय होतं, काकाचा कबुलीजबाब, तो सगळा बोलण्यातून येतो. तो त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. दुःख पूर्ण पोचतं आणि उलगडा अर्धवट राहतो. म्हणून मी कुठलाही पिक्चर लावायच्या आधी परिपाठानंतर गोष्ट पूर्ण सांगतो, शेवटासकट, गोरमाटीत. लेकरांना गोष्ट आधी कळली तर मजा जाते असं मोठ्यांना वाटतं. लेकरं तर ऐकलेलीच गोष्ट आजीला पुन्हा पुन्हा सांगायला लावतात.

बालाघाटची_बाई
सर, तुमच्या या बोलण्यावरून माझ्या डोक्यात एकदम एक गोष्ट आली. पिक्चर ८८ मिनिटांचा आहे. आमच्याकडं अशा गोष्टी दोन शनिवारांत विभागतात. निम्मा या शनिवारी आणि निम्मा पुढच्या. निम्म्यावर थांबवला तर काय होईल बघा. बाप मेलेला असतो, पिल्लानं स्वतःला दोषी धरलेलं असतं आणि रानात पळून गेलेलं असतं. खरं तर शेवटाला उघडं पडतं, स्कारच्या तोंडून. म्हणजे आठवडाभर माझं लेकरू “माझ्यामुळं झालं” एवढंच घेऊन आजीच्या घरी झोपणार. दुसऱ्या शनिवारी त्यातलं एखादं तापानं आजारी पडलं, एखादं यात्रेला गेलं, तर त्याच्यापुरता पिक्चर तिथंच संपला.

गोदाकाठ
बाई, हा मुद्दा मी लिहायला हवा होता असं वाटतंय, इतका नेमका आहे. याच कारणानं तो भाग पुढं ढकलणंही बरं नाही. स्कारचं वाक्य गाळलं तर शेवटची कबुली कशाची ते लेकरांना कळणारच नाही. थांबायचंच असेल तर त्या आधी थांबा. मुफासा रात्री सिंबाला ताऱ्यांकडं बोट दाखवून पूर्वजांबद्दल सांगतो, तिथं मध्यंतर करा. पाणी पिऊ द्या, बाहेर पळून येऊ द्या. मग राहिलेला सगळा एका बैठकीत.

आणि एक. पुढं सिंबाला पाण्यात आणि मग ढगांत बाप दिसतो. मोठ्यांना ते भव्य वाटतं. बाप गेलेलं लहान लेकरू ते शब्दशः घेतं. माझे पप्पा दिसतील का, मला का दिसत नाहीत, असे प्रश्न येतील. उत्तर टाळू नका आणि “दिसतील हं” असंही म्हणू नका. सिंबाला बापाची आठवण आली म्हणून चित्रकारानं तसं काढलंय, पप्पा परत येत नाहीत, पण त्यांची आठवण काढता येते, त्यांच्याबद्दल बोलता येतं, एवढं सरळ सांगा. एखादं लेकरू नंतर कितीतरी दिवस गप्प राहिलं, खाईना, झोपेना असं झालं तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येतं. मुलांसाठीचा १०९८ तर आहेच.

परभणीचा_संत्या
ठीक आहे, माझं थोडं बदललं. पण एक भीती आहे. एवढी तयारी लागणार असेल तर मास्तर लोक म्हणतील, नकोच ती कटकट, आणि लेकरांना पुन्हा वर्षभर तीच देशभक्तीपर गाणी. त्यापेक्षा दाखवलेलं बरं.

निवांत_नांदेडकर
संत्या बरोबर बोलला. तेवढं मात्र होऊ देऊ नका. बाई, कधी दाखवायलात?

बालाघाटची_बाई
काका, दाखवला. कालच. सविस्तर लिहिते.

शुक्रवारी परिपाठ झाल्यावर पूर्ण गोष्ट सांगितली. काका खोटं बोलतो आणि ते खोटं शेवटी उघडं पडतं, हे तर दोनदा सांगितलं. वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या मावशींना आणि गावात असलेल्या सगळ्या आज्यांना बोलावलं होतं. आज्या आल्या, प्रत्येकीच्या मांडीवर आपलं एक आणि शेजारचं एक. खिडक्या उघड्याच ठेवल्या. ताऱ्यांच्या प्रसंगाला मध्यंतर केलं, चुरमुरे वाटले.

दरीचा प्रसंग आला तेव्हा पहिलीची दोन-तीन पोरं सरकत सरकत माझ्या पायाशी आली. कुणी बाहेर गेलं नाही. स्कार बोलायला लागला तसा तिसरीतला एक मुलगा, त्याचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले, तो उभाच राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, “खोटं बोलायलाय त्यो!” मग सगळा वर्ग ओरडायला लागला, खोटं, खोटं. मी मध्ये पडले नाही. सिंबा पळत सुटला तेव्हा तोच मुलगा मला म्हणाला, मॅडम, ह्याला कुणी खरं का सांगत नाहीत? मी म्हणाले, तिथं दुसरं कुणी नव्हतं ना बघायला. म्हणाला, मग आपण बघितलं की.

शेवटी स्कारकडून सिंबा सगळ्यांपुढं वदवून घेतो तेव्हा आज्यांनी टाळ्या वाजवल्या. ढगांचा प्रश्न आला, दुसरीतल्या एका मुलीकडून. मी गोदाकाठ ताईंनी सांगितलं तसंच सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग फोन लावता येईल का? तिची आई कारखान्यावर आहे. तिला आईशी बोलायचं होतं. मावशींच्या मोबाईलवरून लावून दिला. मग ज्यांना ज्यांना लावायचा होता त्या सगळ्यांना लावून दिला, त्यात अर्धा तास गेला. दोघांच्या आईबापांचे फोन फडात लागले नाहीत. ते मला आधी सुचलं असतं तर आदल्या दिवशीच मुकादमाला निरोप देऊन ठेवला असता.

तांड्यावरचा_मास्तर
बाई, हे फोनचं मी माझ्याकडं लगेच करणार. पिक्चरच्या आधीच टोळीला वेळ कळवून ठेवायची.

तेरणाकाठची
त्या तिसरीतल्या पोराला माझा लई आशीर्वाद सांगा.

उदगीरची_सई
बाई, एक विनंती. ज्यानं जो पिक्चर लेकरांबरोबर पाहिला त्याची अशी टिपणं इथंच लिहीत जाऊ या का? वय, कुठं थांबायचं, कोणत्या प्रसंगाला काय प्रश्न येतात. आम्हा घरच्या आयांनाही उपयोग होईल. पहिली तुम्ही लिहा.

बालाघाटची_बाई
लिहिते. ‘द लायन किंग’, १९९४, हिंदी, ८८ मिनिटं. मी तरी सहा वर्षांखालच्या लेकराला मांडीवर घेतल्याशिवाय दाखवणार नाही. हत्तींची हाडं आणि तरस सुरुवातीलाच येतात, तिथं सगळ्यात लहान पोरं घाबरतात. ताऱ्यांच्या प्रसंगाला मध्यंतर. पुढं बापाचं मरण आणि काकाचं खोटं एकाला एक लागून आहेत, ते झाल्यावर शेवटापर्यंत थांबायचं नाही. रानडुक्कर आणि त्याचा मित्र आला की लेकरं मोकळं हसतात, तिथं श्वास घ्यायला जागा आहे. शेवटी वीज पडून आग लागते आणि मारामारी होते, ती आमच्या पोरांना दरीपेक्षा सोपी गेली. तरसं स्कारवर तुटून पडतात ते फक्त सावल्यांमध्ये दाखवलंय. हिंदी कळत नसेल तर काकाची कबुली तेव्हाच्या तेव्हा मोठ्यानं घरच्या बोलीत सांगायची. आणि संपल्यावर घरी सोडायची घाई करायची नाही, तासभर हाताशी ठेवायचा.

पुढचा कोण लिहितंय?